रीफ टँकसाठी वाळूचा पक्का तळ: पाण्याने घडवल्यासारखा

रीफ टँक म्हणजे जिवंत प्रवाळांचं, खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय. त्याच्या तळाबद्दल हौशी लोकांत कायमचे दोन तट आहेत. एकाला वाळू हवीच असते, दुसऱ्याला उघडी काच बरी वाटते. उघड्या काचेची बाजू कमजोर नाही. अॅक्रोपोरा, मॉन्टीपोरा अशा कडक सांगाड्याच्या प्रवाळांना पाण्याचा जोर लागतो. टँकमधलं सगळं पाणी तासाला ३०-४० वेळा फिरेल असे पंप लावले की बारीक वाळू उडायला लागते. ती प्रवाळांवर बसते, एका कोपऱ्यात तिचा ढीग होतो आणि पंपासमोरची काच उघडी पडते. शिवाय माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य वाळूत अडकून कुजतं, त्यातून नायट्रेट वाढतं. अॅरागोनाइटची (प्रवाळ-शिंपल्यांतल्या कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू फॉस्फेट धरून ठेवते आणि पाण्यातलं प्रमाण कमी झालं की ते हळूहळू परत सोडते. म्हणजे एवढी पाणीबदली करूनही आकडा का उतरत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा तळातच असतं.

पण उघडी काच दिसते बोडकी. कितीही सुंदर प्रवाळ असू देत, खाली नजर गेली की भांड्याचा तळ दिसतो.

यावर तोडगा म्हणजे पक्का तळ. प्लास्टिकच्या जाड शीटवर इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर कालवून घट्ट होणाऱ्या गोंदाने) खरी वाळू बसवायची आणि ती शीट टँकच्या तळाशी ठेवायची. वाळू उडत नाही, खोलवर घाण जात नाही, आणि नीट केलेला तळ हातभर अंतरावरून खरा वाटतो. ‘नीट केलेला’ हे मात्र महत्त्वाचं. बहुतेकांचे असे तळ फसतात ते चिकटवण्यात चूक होते म्हणून नाही. शीटवर सगळीकडे एकाच मापाची वाळू एकसारखी पसरली की ती पॉलिश पेपरसारखी दिसते. समुद्रात वाळू कुठेही सपाट आणि एकजिनसी नसते, कारण तिथे तिची मांडणी पाणी करतं. त्यामुळे चिकटवण्याची कृती मी सविस्तर सांगणार आहेच, पण खरा वेळ द्यायचा आहे तो मांडणीला.

हा खटाटोप कोणासाठी नाही

ज्यांना हॅलिकोरिस जातीचे रास (wrasse) मासे किंवा लेपर्ड रास पाळायचे आहेत, त्यांनी हा तळ एकट्याने वापरू नये. हे मासे रात्री वाळूत शिरून झोपतात, घाबरले तरी वाळूत सूर मारतात. पक्क्या तळावर ते तोंड आपटून घेतात. जॉफिशला बीळ खणायला खोल वाळू आणि खडे लागतात. व्हॅलेन्सिएनिया जातीचे गोबी तोंडात वाळू घेऊन चाळतात, तेच त्यांचं जेवण. वाळूत राहणारा स्टारफिश, नासारियस गोगलगायी, पिस्तूल कोळंबी आणि तिच्यासोबत राहणारा गोबी ही सगळी मंडळी सैल वाळूवर जगतात.

एखादाच रास पाळायचा असेल तर मधली वाट आहे. खडकांमागे ७-८ सेंमी खोलीचा एक डबा सैल वाळूने भरून ठेवायचा आणि पक्क्या तळाची कड त्याच्या काठाशी जुळवायची. रासला जागा सापडते. डबा मात्र पंपाच्या झोतात नको.

दुसरी गोष्ट म्हणजे खोल वाळूच्या थरात प्राणवायू नसलेल्या भागात जे जिवाणू नायट्रेट संपवतात, त्यांची सोय या तळात होत नाही. ती जबाबदारी खडक, स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) आणि संप (टँकला जोडलेली फिल्टरची टाकी) यांच्यावर येते. खडक कमी आणि मासे जास्त अशी टँकची रचना असेल तर आधी तिचा विचार करा.

शीट कुठली घ्यायची

इथे पहिला प्रश्न तरंगण्याचा. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२५. एचडीपीई या प्लास्टिकची घनता ०.९५ ते ०.९७, म्हणजे ती वर येणार. शिवाय तिला काही चिकटतही नाही, इपॉक्सी वाळली की पापुद्र्यासारखी सुटते. उघड्या तळावर अंथरायला ही पांढरी शीट छान असते म्हणून अनेक जण तीच उचलतात. या कामाला ती नको.

फोम पीव्हीसी हलकी असते, कापायला सोपी असते, इपॉक्सी तिला उत्तम धरते. पण तीही तरंगते. ६० बाय ४५ सेंमीच्या तळाचा हिशोब बघा. १० मिमी जाडीची शीट म्हणजे २७०० घन सेंमी. घनता ०.५५ धरली तर वजन दीड किलोच्या आसपास, आणि ती बाजूला सारते पावणेतीन किलो पाणी. म्हणजे सव्वा किलोच्या वर जोर तिला वर ढकलत राहणार. अॅरागोनाइटची घनता २.९ असली तरी पाण्याखाली तिचं एक किलो वजन ६५० ग्रॅमएवढंच उरतं. त्यामुळे दोन किलो वाळू चिकटवली तर जेमतेम बरोबरी होते.

भरीव पीव्हीसीची घनता १.४ आहे. तेवढ्याच मापाची ३ मिमीची शीट ३०० ग्रॅम जोराने खाली बसते, आणि वाळू चढली की हलायचं नाव घेत नाही. माझी पसंती हिलाच आहे. अॅक्रिलिकही बुडतं, पण ते पाणी शोषतं आणि एका बाजूला इपॉक्सीचा थर असला की काही महिन्यांत वाकतं. छोट्या तुकड्यांना चालेल, अखंड तळाला नको.

माप घेताना आतली लांबी-रुंदी दोन-तीन ठिकाणी मोजा. कोपऱ्यांत सिलिकॉनची पट्टी असते, तिच्यासाठी शीटचे कोपरे तिरके कापावे लागतात. चारही बाजूंनी ३-४ मिमी मोकळी ठेवा. वरच्या कडेला काचेच्या आडव्या पट्ट्या असतील तर अखंड शीट आत उतरणारच नाही, दोन-तीन तुकडे करावे लागतील. सांधा सरळ रेषेत कापू नका. वेडावाकडा, नागमोडी कापा आणि जमेल तिथे तो खडकाखाली न्या. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून टँकमध्ये ठेवून बघा आणि त्याच पुठ्ठ्यावर खडकांच्या जागा आखून घ्या. खडक जिथे टेकणार तिथे वाळू चिकटवायची नाही, नाहीतर खडक डुलतो आणि त्याखाली घाण साठते.

वाळू: धुणं, वाळवणं, चाळणं

वाळू कॅल्शियम कार्बोनेटची असावी, अॅरागोनाइट उत्तम. खात्री करायची असेल तर चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर कार्बोनेट आहे. बुडबुडे न येणारी वाळू सिलिकाची. ती पक्क्या तळात अडकवून ठेवली तर फारसं नुकसान नाही, पण रंग मळकट आणि चमक काचेसारखी दिसते.

नळाखाली बादलीत हलवत पाणी नितळ येईपर्यंत धुवा, शेवटचं पाणी आरओचं घ्या. मग पूर्ण वाळवा. ओल राहिलेल्या कणाला इपॉक्सी धरत नाही आणि थर दुधट होतो. कडक उन्हात पातळ पसरून दोन दिवस किंवा ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास. वरून कोरडी दिसणारी वाळू आत ओली असू शकते. कोमट असताना प्लास्टिकच्या पिशवीत थोडी भरून तोंड बांधा. पिशवीला आतून वाफ धरली तर ती अजून वाळायची आहे.

आता चाळा. तीन ढीग हवेत: १ मिमीच्या आतली बारीक, १ ते २ मिमीची मध्यम, आणि २ ते ५ मिमीची भरड. चौथ्या वाडग्यात शोभेचा माल ठेवा: शिंपल्यांचे तुकडे, प्रवाळाच्या मोडक्या फांद्या, लहान शंख. हॅलिमेडा या शेवाळाच्या चपट्या पांढऱ्या चकत्या मिळाल्या तर सोडू नका. उष्ण कटिबंधातल्या कितीतरी किनाऱ्यांची वाळू मुख्यतः याच चकत्यांची असते, आणि त्या दिसल्या की तळ लगेच ओळखीचा वाटतो. बाकीची वाळू प्रवाळ, शिंपले, फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव आणि पॅरटफिश यांच्याकडून येते. हा मासा प्रवाळाचा खडक चावून त्यातलं शेवाळ खातो आणि पिठासारखी वाळू बाहेर टाकतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. म्हणून खऱ्या रीफवरच्या मूठभर वाळूत सगळे कण सारखे कधीच नसतात.

प्रत्येक ढिगातून दोन मुठी वाळू बाजूला काढून ठेवा. शेवटी लागेल.

पाणी काय करतं ते आधी समजून घ्या

पुठ्ठ्याच्या नमुन्यावर पेन्सिलीने पंपांच्या जागा काढा आणि झोत कुठून कुठे जाणार त्याचे बाण काढा. वाळूची मांडणी या बाणांना धरून करायची आहे. काही नियम आहेत आणि ते एकदा डोक्यात बसले की हात आपोआप चालतो.

प्रवाहाला खडक आडवा आला की पाणी त्याच्या पुढच्या अंगाला आणि दोन्ही बाजूंना वळून खाली घुसतं आणि वाळू कोरतं. तिथे घोड्याच्या नालेसारखा खळगा होतो, त्यात भरड कण आणि खडेच उरतात. खडकाच्या मागे, आडोशाला, उडालेली बारीक वाळू बसते आणि निमुळत्या शेपटीसारखी लांबवर जाते. म्हणजे एकाच खडकाच्या पुढे भरड आणि खोलगट, मागे बारीक आणि उंच. एवढी एक गोष्ट केली तरी तळाचा चेहरा पालटतो. लोक नेमकं उलट करतात. खडकाच्या बुडाशी सगळीकडून सारखी वाळू चढवतात, आणि खडक वरून आणून ठेवल्यासारखा दिसतो.

वाळूवरच्या लहरी प्रवाहाच्या दिशेला आडव्या पडतात, समांतर नाही. एकाच दिशेने वाहणाऱ्या पाण्यात लहरीचा येणारा उतार लांब आणि पलीकडचा तीव्र असतो. लाटांच्या हेलकाव्यात दोन्ही उतार सारखे असतात आणि माथा टोकदार. तुमचे पंप आलटून-पालटून चालत असतील तर दुसरा प्रकार करा. टँकच्या प्रमाणात लहरींचं अंतर ३ ते ५ सेंमी आणि उंची ४ ते ६ मिमी पुरे. सगळ्या तळभर लहरी काढू नका. समोरच्या मोकळ्या पट्ट्यात काढा आणि खडकांकडे जाताना त्या विरून जाऊ द्या. लहर मध्येच दोन फाटे फोडते, कुठे तुटते, हेही दाखवा.

शिंपल्याची अर्धी वाटी प्रवाहात पालथी पडते, उताणी नाही. पालथ्या शिंपल्यावरून पाणी सरकून जातं, उताण्याला ते उलथवतं. तेव्हा शिंपले बहुतेक पालथे ठेवा, आणि ते लहरींच्या माथ्यावर नको, खळग्यांत. लांबट फांद्या एकाच दिशेला कललेल्या असाव्यात, मोजून-मापून नाही, पण कल जाणवला पाहिजे. आणि ते निम्मे गाडलेले हवेत. वर ठेवलेला शिंपला खोटा दिसतो.

हे सगळं पुठ्ठ्यावर रेखाटून ठेवा. इपॉक्सी कालवल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही.

इपॉक्सीचं काम

दोन भागांची, द्रावक नसलेली, रंग नसलेली इपॉक्सी घ्या, जी पूर्ण वाळल्यावर मत्स्यालयात चालते असं उत्पादकाने सांगितलेलं आहे. पाच मिनिटांत घट्ट होणारी नको, किमान ३०-४० मिनिटं काम करू देणारी हवी. आमच्या ६० बाय ४५ सेंमीच्या उदाहरणाला सगळे थर मिळून एक ते सव्वा किलो रेझिन आणि ६-७ किलो वाळू हाताशी असू द्या. वाळूतली बरीचशी परत मिळते.

काम हवेशीर जागी करा. हातमोजे नायट्रिलचे, आणि फाटले तर लगेच बदला. इपॉक्सी अंगाला वारंवार लागली तर कायमची अॅलर्जी जडू शकते. लागलीच तर साबण आणि पाण्याने धुवा, थिनर किंवा अॅसिटोनने पुसू नका, त्याने ती त्वचेत आणखी मुरते. शीट घासताना धुळीचा मास्क लावा.

शीटची वरची बाजू ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवी-उभी घासा, चमक कुठेच राहता कामा नये. पीव्हीसी असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. अॅक्रिलिक अल्कोहोलने तडकतं, ते साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. खडकांच्या जागांवर चिकटपट्टी लावा.

रेझिन आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घ्यायचे. प्रमाण वजनाचं आहे की मापाचं ते आधी वाचा, दोन्हींत फरक असतो. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवला तर ती लवकर वाळत नाही, उलट न जुळलेलं रसायन आत राहून पाण्यात उतरतं. तीन मिनिटं सावकाश कालवा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत राहा. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून आणखी एक मिनिट कालवा. पहिल्या भांड्याच्या भिंतीला न मिसळलेलं रेझिन राहतं, तेच पुढे चिकट डाग होऊन बसतं. एका वेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. खोल भांड्यात ती स्वतःच्याच उष्णतेने तापते, धूर सोडते आणि हातातच दगड होते.

पहिला थर वाळू न घालता, नुसत्या कालवलेल्या रेझिनचा, ब्रशने १ मिमीच्या आत. त्यावर लगेच उंचवटे उभारायचे. हार्डनर मिसळलेल्या एक भाग रेझिनला वजनाने सहा भाग मध्यम वाळू घालून कालवा. मुठीत दाबलं की गोळा टिकला पाहिजे, पण बोटांमधून रेझिन पिळून निघता कामा नये. हा माल थापीने लावायचा: खडकांच्या मागे शेपटीसारखा १५-२० मिमीपर्यंत, मोकळ्या जागी ५-६ मिमी, खडकांपुढच्या खळग्यात जवळजवळ काहीच नाही. लहरी ओल्या मालातच काढा. हातमोज्यातल्या बोटाची कड किंवा गोल काठी पुरते, थापी मध्ये मध्ये कोरड्या वाळूत बुडवली की माल चिकटत नाही.

समोरच्या काचेला लागणारी कड वेगळी. तिथून तळाची जाडी आडवी दिसते. पीव्हीसीची पांढरी कड दिसली की सगळा खेळ संपला. म्हणून पुढची कड शीटच्या बाहेर २-३ मिमी येईल इतका माल थापा आणि खाली ओढून शीटची कड झाका. या कडेची उंची सरळ रेषेत ठेवू नका, कुठे १० मिमी, कुठे २०. आडव्या छेदात भरड आणि बारीक वाळूचे पट्टे दाखवले तर काचेतून बघताना खोल थर असल्यासारखा भास होतो.

माल ओला असतानाच शोभेचे तुकडे दाबून बसवा, अर्धे आत. आता वरून कोरडी वाळू पेरायची. आधी भरड, तिच्या जागी. मग मध्यम. शेवटी बारीक, चाळणीतून, आडोशांवर आणि उंचवट्यांवर जास्त. पेरताना हात आखडता घेऊ नका. पृष्ठभाग कुठेही ओला दिसत नाही तोवर टाकत राहा. पाच मिनिटं थांबा. काही ठिकाणी रेझिन वर येऊन डाग ओले होतील, तिथे पुन्हा पेरा. मग लाकडी फळीने हलकेच दाबा. लहरी मोडतील इतकं नाही.

हे पेरणं नीट झालं तरच कण मोकळे दिसतात. रेझिन कणांच्या माथ्यावर चढलं की वाळू भिजल्यासारखी चमकते आणि ती चमक पाण्याखालीही जात नाही. शिवाय प्रकाशात इपॉक्सी पिवळी पडते. कणांच्या खाली असलेली दिसत नाही, वरची दिसते.

२४ तासांनी शीट कलती करून न चिकटलेली वाळू कागदावर काढून घ्या, कोरड्या ब्रशने झाडा. जिथे टक्कल दिसेल तिथे रेझिनचे ठिपके देऊन पुन्हा पेरा. पहिला थर पूर्ण कडक झाला असेल तर ती जागा आधी पाण्याने पुसून, घासून घ्या. दुसऱ्यांदा सगळ्या तळावर रेझिन फिरवण्याचा मोह होईल. तसं केलंत की इतक्या कष्टाने मांडलेलं माप पुन्हा एकसारखं होतं.

सिलिकॉनबद्दल दोन शब्द

काही जण इपॉक्सीऐवजी सिलिकॉन वापरतात. काचेवर ते उत्तम बसतं, पीव्हीसीवर बेताचंच. वरची साय ५-१० मिनिटांत धरते, त्यामुळे तळहाताएवढे तुकडे करत जावं लागतं आणि जोड दिसतात. एकदा वाळल्यावर त्यावर दुसरं काही चिकटत नाही, म्हणजे दुरुस्ती नाही. वापरायचंच असेल तर बुरशीनाशक नसलेलं, शंभर टक्के सिलिकॉन घ्या. स्वयंपाकघर-न्हाणीघरासाठीच्या नळ्यांत बहुधा बुरशीनाशक असतं.

सिमेंटचा पर्याय आणखी अवघड. ताज्या सिमेंटमुळे पाण्याचा पीएच १२ च्या वर जातो आणि तो उतरायला आठवडे जातात.

मुरवणं

इपॉक्सी हाताला कोरडी लागली म्हणजे झाली असं नाही. २५ अंशांच्या आसपास सात दिवस तशीच राहू द्या, हवा गार असेल तर जास्त. दमट हवेत तिच्यावर मेणचट तवंग येतो. तो हार्डनरचा असतो आणि साध्या पाण्याने, खरबरीत पॅडने घासल्यावर जातो.

मग पाण्यात बुडवून ठेवा. आधी आठवडाभर गोड्या पाण्यात, रोज बदलत, मग आठवडाभर मिठाच्या पाण्यात, पंप लावून. शेवटच्या पाण्यावर तेलकट तरंग, फेस किंवा वास असेल तर आणखी मुरवा. फॉस्फेट तपासा. ते आलं तर वाळूतून येतंय, रेझिनमधून नाही.

एक साधी चाचणी अवश्य करा. आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या, कोळंबीसारख्या चिमुकल्या जिवाची) अंडी उबवून त्यातली थोडी पिल्लं या पाण्यात आणि थोडी ताज्या मिठाच्या पाण्यात ठेवा. दोन दिवसांनी दोन्ही भांडी प्रकाशाला धरून बघा. तळाच्या पाण्यातली पिल्लं मरगळली आणि दुसरीकडची पोहत असली तर काहीतरी उतरतंय. आर्टेमिया फार चिवट असतो, त्यामुळे तो जगला एवढ्यावर पाणी निर्धोक ठरत नाही. तो मेला तर मात्र शंका उरत नाही.

टँकमध्ये बसवणं

नवीन, कोरडा टँक असेल तर काम सोपं. शीटच्या खालच्या बाजूला, कडेपासून २ सेंमी आत, मत्स्यालयाच्या सिलिकॉनची अखंड रेघ ओढा आणि मधे काही ठिपके द्या. शीट ठेवा, वजन ठेवून दोन दिवस थांबा. हे सिलिकॉन शीट धरून ठेवायला नाही, तेवढं तिचं वजन करतंच. शीटखाली घाण शिरू नये म्हणून ते लागतं. खाली घाण साठली आणि पाणी खेळलं नाही तर तिथे प्राणवायू संपतो आणि सडक्या अंड्यासारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. काठाभोवतीची फट बाजूला ठेवलेल्या वाळूने भरा, सांध्यावरही तीच भुरभुरा. ही सैल वाळू थोडी असते, अडकून बसते, आणि जोड दिसू देत नाही.

चालू टँकमध्ये सिलिकॉन लावता येत नाही. खडक काढावे लागतात, जुनी वाळू पाणीबदलीच्या वेळी थोडी थोडी, काही आठवड्यांत काढावी लागते. एकदम काढली तर साठलेली सगळी घाण पाण्यात येते आणि अमोनिया चढू शकतो. शीट तिरकी उतरवा, खाली हवेचा बुडबुडा अडकू देऊ नका, आणि खडकांच्या वजनाने दाबा. अशा तळाचे तुकडे दोन-तीन असलेले बरे, वर्षा-दोन वर्षांनी एक उचलून खाली साफ करता येतो.

पंप सुरू केल्यावर चमचाभर बारीक वाळू पाण्यात सोडा. जिथे ती जाऊन बसते, तिथे पुढे घाणही बसणार. ती जागा तुम्ही बारीक वाळूने मांडलेल्या आडोशांशी जुळली तर डोळ्याला सगळं बरोबर वाटतं. नाही जुळली तर पंपाचं तोंड थोडं वळवा. तळ आता हलणार नाही, पंप हलतो.

पुढची देखभाल

पहिले काही आठवडे तळावर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर येईल, मग हिरवं शेवाळ. ट्रोकस आणि टर्बो गोगलगायी ते चरतात, खरबरीत वाळूवर त्यांना पकडही चांगली मिळते. खळग्यांत साठलेला गाळ आठवड्यातून एकदा रबरी फुग्याच्या पिचकारीने उडवा आणि फिल्टरमध्ये जाऊ द्या, किंवा पाणीबदलीच्या वेळी बारीक नळीने ओढून घ्या. लाल, चिकट सायनोबॅक्टेरिया एकाच जागी परत परत येत असेल तर तिथे प्रवाह कमी पडतोय.

सहा महिन्यांनंतर कोरलाइन हे दगडासारखं कडक शेवाळ पसरायला लागेल. कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास, क्षारता ८ डीकेएच आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएम असं स्थिर पाणी असलं की गुलाबी-जांभळे डाग वाळूवर चढतात आणि एकमेकांत मिसळतात. इथे एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: हा तळ कायमचा पांढरा राहत नाही. सैल वाळू उलथत राहते म्हणून ती पांढरी दिसते, पक्क्या वाळूवर वाढणारं वाढतच जातं. काहींना हा जांभळा तळ वाळूपेक्षाही खरा वाटतो. लाटांच्या माऱ्यात असलेल्या रीफच्या माथ्यावर सैल वाळू टिकत नाही आणि कोरलाइनने मढलेला खडकच दिसतो. मलाही तो आवडतो. पांढराच हवा असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी मोकळ्या पट्ट्यावर मूठभर बारीक वाळू भुरभुरा आणि जुनी ओढून घ्या. लहरींच्या खळग्यांत ती पातळ थराने बसते आणि खालचा जांभळा झाकते. समोरच्या काचेला लागून असलेली कोरलाइन ब्लेडने खरवडताना कडेची वाळू उखडणार नाही एवढं बघा. एखादा तुकडा निघालाच तर पाण्याखाली चालणारी इपॉक्सी पुटी मळा, वरून कोरडी वाळू दाबा आणि ती त्या जागी बसवा. पुटी लावली त्या दिवशी स्किमर भरपूर फेस करतो, त्याची वाटी थोडी वर उचलून ठेवा.